कोयना ते कॅसलरॉक: बेडकांच्या ओळखीसाठी पावसातली भटकंती

यंदा पाऊस उशिरा आला, आणि आल्यावर पुन्हा दडी मारून बसला. जूनचा तिसरा आठवडा उजाडला तरी सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळांवर, पाणी साचल्याची बातमी येईना. मग एका रात्री कोयनेतून फोन आला, "दादा, ओढे बोलायला लागलेत." दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो.

आम्ही म्हणजे बेडकांच्या वर्गीकरणावर काम करणारी आमची संशोधक ताई, तिचे दोन विद्यार्थी आणि नोंदवही सांभाळायला मी. उत्तर सह्याद्रीतल्या छोट्या झुडूपी बेडकांचे आवाज, मोजमापं आणि डीएनएचे नमुने गोळा करायचे होते, तेही शक्यतो ज्या ज्या जागेवरून त्या प्रजातीचं पहिलं वर्णन झालं त्या मूळ जागेवरूनच. दोन्ही राज्यांच्या वनखात्यांच्या परवानग्या ताईने आधीच काढून ठेवल्या होत्या. हे पहिल्यांदाच सांगतो, कारण परवानगीशिवाय बेडूक पकडणं, मग ते "फक्त फोटोसाठी" का असेना, अभयारण्याच्या हद्दीत गुन्हा आहे. नुसतं बघायला, ऐकायला आणि लांबून फोटो काढायला मात्र कुणीही जावं, आणि जायलाच हवं.

कोयनानगर आणि हुंबरळी

पोचलो तेव्हा चार वाजले होते आणि उजेड सहाचा होता. चहाच्या टपरीवरच्या आजींनी आमच्या डोक्यावरच्या बॅटऱ्या पाहून विचारलं, "बेडकं मोजायला आलाय व्हय?" ताई म्हणाली, मोजायला नाही आजी, ओळखायला. त्यावर त्यांनी पुलाखालचा एक ओढा सांगितला, आणि तिथे संध्याकाळी दोन तऱ्हेचे आवाज येतात, एक दगडातून आणि एक झाडातून, हेही सांगितलं. रात्री तिथे गेलो तर शब्द न् शब्द खरा निघाला.

दगडातला आवाज रातबेडकाचा, निक्टिबॅट्राकस हुमायुनीचा. सुरकुतलेली कातडी आणि चौकटच्या आकाराची उभी बाहुली. एकदा पाहिली की हा जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट, पुन्हा चुकत नाही. प्रजाती मात्र चुकते. १९५५ मध्ये भादुरी आणि कृपलानी यांनी याचं वर्णन केलं आणि पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलालींचं नाव दिलं. पुढे कितीतरी वर्षं उत्तर सह्याद्रीतल्या ओढ्यात सुरकुतलेला बेडूक दिसला की त्याला हेच नाव चिकटवलं जाई. २०११ मध्ये बिजू आणि सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या या एका जीनसमधल्या बारा नव्या प्रजातींचं वर्णन केलं, तेव्हा कुठे या नावाखाली काय काय दडलंय याचा अंदाज आला.

याच हुंबरळीच्या परिसरात संशोधकांनी या बेडकाच्या मिलनाची वेगळीच पद्धत टिपली; २०१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. नर मादीला घट्ट मिठी मारत नाही. तो तिच्या पाठीवर बसतो, हात पानावर किंवा फांदीवर टेकवतो, तिच्या पाठीवर वीर्य सोडून बाजूला होतो, आणि अंडी घालायचं काम मादी नंतर करते. आम्हाला ते बघायला मिळालं नाही. एक नर मात्र पाण्यावर झुकलेल्या पानावर बसला होता आणि त्याच पानावर पारदर्शक अंड्यांचा पुंजका होता. आतले काळसर ठिपके हलत होते. आम्ही बॅटऱ्या मंद केल्या आणि बराच वेळ तिथेच उभे राहिलो. पावसाचा प्रत्येक थेंब पडला की पान खाली जाई, पण अंडी जागची हलत नव्हती.

परतताना वाटेत कोयना टोड (टोड म्हणजे भेक) भेटला. सोमण यांनी १९६३ मध्ये याचं वर्णन केलं तेव्हा तो बुफो या भल्यामोठ्या जीनसमध्ये होता. अंगाच्या बाजूला पिवळे ठिपके, आकार लहान. याचा भाऊबंद पुढे आंबोलीत भेटणार होता.

ओढ्यात उतरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाण्याआधी बुटांचा चिखल पूर्ण घासून काढा, बूट जंतुनाशकाने धुवा आणि वाळू द्या. बेडकांच्या कातडीला होणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातही सापडली आहे आणि ती पाण्याचिखलातून पसरते. आणि डास घालवायचं मलम हाताला लावलं असेल तर बेडकाच्या जवळपासही हात नेऊ नका. त्याची कातडी सगळं शोषून घेते.

आंबोलीची वाट

कराड, कोल्हापूर, आजरा. रस्ता चांगला, पाऊस सलग. आजऱ्यानंतर धुकं उतरलं आणि आंबोलीत शिरलो तेव्हा समोरच्या गाडीचे दिवेही दिसेनात. मुक्कामाच्या घरी वहिनींनी घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ समोर ठेवली. अंगावरचे ओले कपडे बदलायच्या आधीच पहिला घावणा संपला होता.

आमच्यासोबत फिरणारे काका जेवताना दारात येऊन उभे राहिले. "बेडूक बघूक इलात?" एवढंच विचारलं आणि उद्याचा बेतही त्यांनीच ठरवून टाकला. काकांनी आयुष्यभर गुरं राखली आहेत. कुठल्या सड्यावर कधी पाणी साचतं आणि ते कधी आटतं हे त्यांना ठाऊक आहे. या कामात हे ज्ञान कुठल्याही नकाशापेक्षा मोलाचं आहे आणि शोधनिबंधांच्या शेवटी आभारांत ते एका ओळीत उरकलं जातं, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

त्या रात्री गावातल्या रस्त्यावर पायीच एक फेरी मारली. डांबरावर मेलेले बेडूक पावलोपावली दिसत होते. वीकएन्डला धबधब्यासाठी येणाऱ्या गाड्यांचा हा परिणाम. आंबोलीला पावसाळ्यात जाणार असाल तर अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. रात्री गाडी काढायचीच असेल तर अगदी सावकाश चालवा आणि शेजारच्याला रस्त्यावर नजर ठेवायला सांगा.

सड्यावर

सकाळी धुक्यातूनच सड्यावर चढलो. आंबोलीचे सडे म्हणजे जांभ्याचे उघडे, काळपट कातळ. उन्हाळ्यात तिथे काहीच नाही असं वाटतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर कातळातल्या खळग्यांत बोटभर पाणी साचतं, आणि ज्या प्राण्यासाठी जगभरातले बेडूकवेडे इथे येतात तो या खळग्यांत येतो.

आंबोली टोड, झँथोफ्राइन टायगेरिना. काकांनी हात वर करून थांबवलं. पायाशी एका उथळ डबक्यात नर बसला होता. अंगाच्या दोन्ही बाजूंना पिवळेजर्द वेडेवाकडे पट्टे. कोयनेतल्याला ठिपके होते, याला पट्टे. फरक इतका सोपा असेल तर वर्गीकरणात अडचण कसली, असं मी विचारलं.

ताई तिथेच उकिडवी बसली. रंगावर फार भरवसा ठेवू नकोस, म्हणाली. प्रजननाच्या काळात नराचा रंग भडक होतो, एरवी मंदावतो, आणि अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या नमुन्याचा तर उडूनच जातो. ठिपके आणि पट्टे हे एकाच प्रजातीतले दोन प्रकारही असू शकले असते. २००९ मध्ये बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी जेव्हा आंबोलीच्या या टोडचं वर्णन केलं, तेव्हा शरीररचनेच्या जोडीला डीएनएही तपासला. त्यातून दोन गोष्टी निघाल्या. आंबोलीचा टोड कोयनेच्या टोडपेक्षा वेगळा आहे. आणि हे दोघे मिळून बाकीच्या भेकांपासून इतके दूर आहेत की त्यांना स्वतःचा जीनस द्यावा लागला. कोयनेचा टोड जवळपास अर्धं शतक ज्या घरात राहत होता ते त्याचं घरच नव्हतं.

याचा परिणाम कागदावरच राहिला असं नाही. आंबोलीचा टोड वेगळा ठरला तेव्हाच हे कळलं की त्याचं सगळं जग या परिसरातल्या मूठभर सड्यांवर आहे. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत, रेड लिस्टमध्ये, तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. आंबोली आणि कोयना मिळून एकच प्रजाती मानली असती, तर एका सड्यावर रिसॉर्ट उभं राहिलं काय किंवा खाण निघाली काय, "दुसरीकडे आहेत की" असं म्हणून विषय मिटला असता. मला या सगळ्या खटाटोपाचं महत्त्व पटलं ते या सड्यावर.

सड्यावर फिरताना डबक्यांत पाय टाकू नका. बोटभर पाण्यात अंडी असतात आणि ती दिसत नाहीत. नेमकी जागा सोशल मीडियावर टाकू नका, फक्त "आंबोली" लिहा. जळवांसाठी लांब, घट्ट विणीचे मोजे घाला. चावलीच तर ओढून काढू नका, नखाने तोंडाकडून सोडवा.

उतरताना पायवाटेवर करड्या-जांभळट रंगाचं, वळ्यावळ्यांचं काहीतरी सरपटताना दिसलं. विद्यार्थी दचकून मागे सरकले. काका हसून म्हणाले, "ह्यो साप न्हय." ते देवगांडूळ होतं, बेडकांचाच पाय नसलेला नातेवाईक. आंबोलीतूनच २००३ मध्ये गेगेनियोफिस डॅनियली या देवगांडुळाचं वर्णन झालं, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) जे. सी. डॅनियल यांच्या नावाने. आमच्यासमोरचं कोणतं ते वरून बघून सांगता येत नव्हतं. त्यासाठी अंगावरच्या वळ्या मोजाव्या लागतात, कवटी आणि दात बघावे लागतात. आम्ही ते सांगायचा प्रयत्नही केला नाही. ते ओल्या पाचोळ्यात शिरेपर्यंत बघत राहिलो.

खोलीतली दुपार आणि झुडपातली रात्र

दुपारपासून पाऊस असा लागला की अंगण आणि रस्ता एक झाले. वहिनींनी कुळथाची पिठी आणि भात दिला, आणि आम्ही खोलीतच कामाला बसलो. या दुपारीबद्दल सविस्तर लिहितो, कारण कामाचा गाभा तिथे होता.

आदल्या रात्री मिळालेले झुडूपी बेडूक ओल्या पाचोळ्यासह वेगवेगळ्या पिशव्यांत होते. प्रत्येक पिशवीवर क्रमांक, आणि माझ्या वहीत त्याच क्रमांकासमोर जागा, वेळ, जमिनीपासूनची उंची, हवेचं तापमान. राओर्केस्टिस जीनसचे हे बेडूक अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठे. ताई व्हर्नियर कॅलिपरने मापं सांगत होती आणि मी लिहीत होतो. नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंत लांबी, डोक्याची रुंदी, डोळ्याचा व्यास, डोळा ते नाकपुडी अंतर, मांडी, नडगी, तिसऱ्या बोटाच्या टोकावरच्या चकतीची रुंदी, पायाच्या बोटांमधला पडदा कुठपर्यंत येतो. नराची तुलना नराशीच करायची, कारण मादी मोठी असते. लांबीरुंदीचे आकडे एकेकटे फारसे बोलत नाहीत, त्यांची एकमेकांशी गुणोत्तरं बोलतात. मापं झाली की डीएनएसाठी अंगावरून हलकेच एक स्वॅब, म्हणजे कापूस लावलेली काडी, फिरवायचा, तो नळीत बंद करायचा, आणि बेडूक रात्री जिथून आणला त्याच झुडपावर सोडायचा.

मग लॅपटॉपवर आवाज. आदल्या रात्रीचं रेकॉर्डिंग पडद्यावर उभ्या रेघांच्या रांगा होऊन उमटलं. एका हाकेत किती स्पंद, म्हणजे आवाजाचे ठोके, त्यांच्यात किती अंतर, सगळ्यात जोरकस वारंवारता कोणती, हे सगळं मोजता येतं. मादी नराला ओळखते ती आवाजाने, त्यामुळे दोन नरांचे आवाज पक्के वेगळे असतील तर त्या दोन वेगळ्या प्रजाती असण्याची शक्यता फार वाढते. बेडकांच्या बाबतीत मिळणारा हा आवाजाचा पुरावा फुलपाखरावाल्यांना मिळत नाही, असं एक विद्यार्थी अभिमानाने म्हणाला.

पण आवाजालाही अटी आहेत. बेडूक शीत रक्ताचा प्राणी, हवा गार झाली की त्याचे स्पंद मंदावतात. म्हणून तापमान लिहिल्याशिवाय केलेलं रेकॉर्डिंग वर्गीकरणाला जवळपास निरुपयोगी आहे. तुम्ही मोबाइलवर बेडकाचा आवाज टिपत असाल तर एवढं करा: सुरुवातीला किंवा शेवटी स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, जागा आणि तापमान बोला. हौशी माणसाने केलेलं असं रेकॉर्डिंगही संशोधकाला उपयोगी पडतं.

आणि मग डीएनए. बेडकांसाठी बहुतेक जण मायटोकाँड्रियातलं १६एस हे जनुक वाचतात. दोन नमुन्यांत तीन टक्क्यांच्या आसपास फरक आला की संशोधक कान टवकारतात. मी विचारलं, मग तेवढ्यावरच का भागत नाही? ताईचं उत्तर वहीत जसंच्या तसं आहे: "मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात. बापाची गोष्ट त्यात नसते." दोन प्रजातींचा संकर झाला असेल तर हे जनुक अर्धीच हकिगत सांगतं, म्हणून केंद्रकातली जनुकंही बघावी लागतात. शिवाय एकाच प्रजातीचे डोंगरापलीकडचे गट बराच काळ वेगळे राहिले तरी फरक वाढतो. तीन टक्के हा आकडा शोध सुरू करण्यापुरता, निकाल द्यायला तो पुरत नाही. २०१४ मध्ये विजयकुमार आणि सहकाऱ्यांनी याच जीनसच्या नऊ नव्या प्रजातींचं वर्णन केलं तेव्हा डीएनएमधून आधी वंशरेषा वेगळ्या काढल्या, मग प्रत्येकीचा प्रदेश, शरीर आणि आवाज ताडून पाहिला. त्याच्या आदल्या वर्षी महाराष्ट्रातून घाटेई या झुडूपी बेडकाचं वर्णन झालं, पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे यांच्या नावाने. त्यातही शरीर, १६एस आणि हाक यांच्या जोडीला अंड्यांची वाढ होती. या बेडकांत बेडूकमासा हा टप्पाच नसतो, अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर येतो.

रात्री पाऊस ओसरला आणि आम्ही बाहेर पडलो. आता बघायचा होता आंबोली झुडूपी बेडूक, स्यूडोफायलॉटस आंबोली. पुरावे एकमेकांशी भांडतात तेव्हा काय होतं, याचं हे माझं आवडतं उदाहरण. दिसायला हा राओर्केस्टिसच्या इतका जवळचा की पूर्वी दोन्ही गट फायलॉटस या एकाच जीनसमध्ये होते. २००९ मध्ये त्याचं वर्णनही त्याच नावाने झालं. पण डीएनए म्हणतो की याचे जवळचे नातेवाईक शेजारच्या झुडपावर नाहीत, श्रीलंकेत आहेत. स्यूडोफायलॉटसच्या बहुतेक साऱ्या प्रजाती त्या बेटावर आहेत, भारतात मोजक्याच. समुद्रसपाटी खाली गेलेल्या काळांत भारत आणि श्रीलंका जमिनीने जोडले गेले होते, त्याची ही खूण. एकदा डीएनएने हे दाखवलं की शरीरातही फरक दिसायला लागतात. हाक देताना राओर्केस्टिसच्या नराची गळ्याची पिशवी मोठी, जवळजवळ आरपार दिसणारी होते. २०१० मध्ये सी. आर. नारायण राव यांच्या नावाने हा जीनस वेगळा केला तेव्हा हे त्याचं एक ठळक लक्षण म्हणून सांगितलं गेलं.

ते त्या रात्री हातभर अंतरावरून पाहिलं. कारवीच्या पानावर राओर्केस्टिसचा नर. हाक द्यायच्या आधी त्याने अंग किंचित वर उचललं. गळा फुगत गेला, डोक्याएवढा झाला, आणि बॅटरीच्या उजेडात त्या पिशवीवरच्या बारीक लाल रक्तवाहिन्या एकेक दिसल्या. टिक-टिक-टिक करत हाक संपली तरी पिशवी पूर्ण बसली नाही, पुढच्या हाकेसाठी अर्धी भरलेलीच राहिली. विद्यार्थ्याने मायक्रोफोन धरलेला हात कितीतरी वेळ हलवला नाही. जळू त्याच्या मनगटावर चढली तरीही.

हिरण्यकेशी

दुसऱ्या दिवशी सकाळी थोडा वेळ ऊन पडलं. हिरण्यकेशीच्या मंदिरात गर्दी नव्हती. इथल्याच कुंडातून २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी या माशाचं वर्णन झालं आणि पुढच्या वर्षी ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. पुजाऱ्यांना माशाबद्दल सगळं माहीत होतं. लोकांनी कुंडात साबण, निर्माल्य टाकू नये म्हणून ते कसे लक्ष ठेवतात तेही त्यांनी सांगितलं.

आम्हाला हवा होता एक ओला कातळ, आणि तो वाटेवरच मिळाला. पाण्याचा पातळ पडदा दगडावरून झिरपत होता आणि त्यावर बेडूकमासे चिकटले होते. पाण्यात नाही, दगडावर. इंडिराना या जीनसच्या बेडकांचे बेडूकमासे असे अर्धे जमिनीवर वाढतात. मागचे पाय लवकर फुटतात आणि शेपटी लांब, दणकट असते. सावली पडताच एकाने शेपटी आपटली आणि वीतभर लांब उडी मारली. बेडूकमाशाला उडी मारताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पूर्वी इंडिरानाच्या अशा बेडकाला कुठेही "बेडोमी" या एकाच प्रजातीच्या नावाने ओळखलं जायचं. २०१४ मध्ये पाध्ये, मोडक आणि डहाणूकर यांनी आंबोलीतल्याचं चिरावासी या नावाने वेगळं वर्णन केलं. बेडूकमासे हाही पुरावाच आहे, पण एक अडचण असते. बेडूकमासा एकीकडे, प्रौढ बेडूक दुसरीकडे, हा याचाच हे कशावरून? एक तर तो वाढवून बघायचा किंवा दोघांचा डीएनए जुळवायचा. तो जुळला की ओढ्यात एकही प्रौढ दिसला नाही तरी ती प्रजाती तिथे आहे हे सांगता येतं.

परतताना घराच्या न्हाणीजवळ काळ्या कुशीचा, तांबूस पाठीचा मोठा बेडूक बसलेला होता. वहिनी म्हणाल्या, हा दरवर्षी येतो. हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा. २०१५ पर्यंत त्यालाही सरसकट मलबारिकस म्हणत. शरीराची मापं आणि १६एस दोन्ही वेगळे पडले तेव्हा नवीन नाव मिळालं. त्याच्या कातडीतल्या उरुमिन नावाच्या पेप्टाइडने (प्रथिनासारख्या छोट्या रेणूने) एच-१ गटाचे फ्लूचे विषाणू मारले जातात, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. कुठल्या बेडकातून ते काढलं हे बिनचूक नोंदवता आलं ते आधीच नावाचा घोळ मिटला होता म्हणून.

कॅसलरॉक

बेळगाव, लोंढा करत संध्याकाळी कॅसलरॉकला पोचलो. गोवा पोर्तुगीजांकडे होतं तेव्हाचं हे हद्दीवरचं स्टेशन. दगडी इमारत, चारी बाजूंना जंगल आणि घाटात उतरणाऱ्या मालगाड्यांचा आवाज. आमच्यासोबतचे अण्णा कन्नड, कोकणी आणि मराठी तिन्ही एकाच वाक्यात बोलत. त्यांच्या घरी गरम भात आणि सारू जेवलो. हा भाग व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे, परवानगी आणि स्थानिक माणूस या दोन्हींशिवाय अंधारात पाऊल टाकू नका.

इथे यायचं कारण म्हणजे राओर्केस्टिस बॉम्बेएन्सिस. १९१९ मध्ये अनानडेल यांनी या झुडूपी बेडकाचं वर्णन केलं ते कॅसलरॉकच्या नमुन्यांवरून; तेव्हा हा प्रदेश मुंबई इलाख्यात होता. जुनं वर्णन त्रोटक असतं आणि जुन्या नमुन्यांचा डीएनए मिळणं फार कठीण. म्हणून त्याच जागेवरचा ताजा बेडूक घ्यायचा, त्याचा आवाज आणि डीएनए हा त्या नावाचा मापदंड धरायचा, आणि आंबोलीचे, गोव्याचे, कोयनेचे सगळे त्याच्याशी ताडून बघायचे. हे केल्याशिवाय कुणालाही "नवी प्रजाती" म्हणणं घाईचं ठरतं.

रात्री आवाज मिळाले, भरपूर मिळाले. विद्यार्थ्यांना ते ऐकताक्षणी आंबोलीपेक्षा जलद वाटले आणि दोघांचे डोळे चमकले. ताईने काही न बोलता थर्मामीटर पुढे केला. आंबोलीत साडेएकोणीस अंश होते, इथे तेवीस. खोलीवर जाऊन तापमानाचा हिशेब धरून आलेख काढला तेव्हा दोन्ही गट एकाच रेषेवर आले.

ओढ्यावर पेट्रियस हा रातबेडूकही भेटला. कृष्णमेघ कुंटे यांनी याच्या प्रजननाचं निरीक्षण प्रसिद्ध केलं तेव्हा त्याला "हुमायुनीसदृश" एवढंच म्हटलं होतं. मग २००५ मध्ये दास आणि कुंटे यांनी कॅसलरॉकहून त्याचं स्वतंत्र वर्णन केलं. खात्री नसताना "सदृश" लिहून थांबणं मला या क्षेत्रातली सगळ्यात सुंदर सवय वाटते. तुम्ही आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर फोटो टाकता तेव्हा तेच करा: जीनसवर थांबा. आणि एकच पाठीचा फोटो टाकू नका. बाजूने, समोरून, बोटं आणि पडदा दिसेल असा पायाचा, आणि बेडूक काचेवर किंवा पानावर चढला असेल तर पोटाचाही घ्या.

परत आल्यावर

स्वॅब प्रयोगशाळेत गेले. बहुतेकांतून १६एस नीट वाचता आलं. आंबोली आणि कॅसलरॉकचे बॉम्बेएन्सिस डीएनएतही जवळ आहेत, आवाजात आणि मापांतही. त्यांचं नाव तेच राहील. कोयनेच्या ओढ्याकाठचा, आजींनी सांगितलेल्या "झाडातल्या" आवाजाचा बेडूक मात्र अजून कुठेच बसत नाही. मापं घाटेईच्या जवळ जातात, १६एस पुरेसं स्वच्छ आलं नाही, आणि त्या रात्री पुलाखालच्या पाण्याच्या आवाजात त्याची हाक बुडाली. वहीत त्याच्यासमोर ताईने "घाटेई सदृश" लिहिलंय. केंद्रकातल्या जनुकांसाठी नवा नमुना लागेल आणि आवाज ओढ्यापासून लांब, वरच्या अंगाच्या झुडपांत टिपावा लागेल. जुलैत पाऊस जरा थांबून पडायला लागला की पुन्हा कोयनेला जायचंय. तोपर्यंत त्या भागात कुणी फिरणार असेल तर पुलाच्या वरच्या बाजूचा आवाज तापमानासकट टिपून आणा.